वाचकांचे प्रश्न: बर्फावरच्या उड्या आणि स्नोबोर्डिंगचे आर्केड गेम

गेल्या अंकात प्लेस्टेशन २ च्या जुन्या गेम्सबद्दल लिहिताना मी 'एसएसएक्स ट्रिकी'वर जेमतेम चार ओळी टाकल्या होत्या, की हा गेम आजही लावला तर उठवत नाही, आणि तेवढ्यावर इतके मेल आणि पत्रं आलीत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. ज्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय बांधलेली एक फळी, तिच्यावर आडवं उभं राहून बर्फाच्या उतारावरून खाली यायचं, आणि या गेम्समध्ये तेच सगळं खऱ्याच्या कितीतरी पट मोठं, वेगवान आणि रंगीत करून दिलेलं असतं, इमारतीएवढ्या उड्या, हवेत पाच-सहा गिरक्या आणि उतरल्यावर हाडं शाबूत. सगळीच पत्रं घेता आली नाहीत, सारखे वाटले ते प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: मामाच्या माळ्यावरून जुना प्लेस्टेशन २ काढला, त्यात एसएसएक्स ट्रिकीची सीडी होती. आधी ग्राफिक्स बघून हसलो. आता मी आणि मामेभाऊ रोज रात्री तेच खेळतोय आणि लॅपटॉपवरचे नवे गेम तसेच पडून आहेत. यात असं नक्की काय केलंय? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: एक व्यवहार केलाय, आणि अख्खा गेम त्या एका व्यवहारावर उभा आहे. उडी मारलीस, हवेत ट्रिक केलीस आणि नीट उतरलास तर बाजूचा बार भरतो, तो बार म्हणजे बूस्ट, बूस्ट म्हणजे वेग, वेग वाढला की पुढची उडी लांब जाते, लांब गेली की हवेत वेळ जास्त मिळतो, वेळ जास्त म्हणजे अजून मोठी ट्रिक, आणि मग पुन्हा बार. पडलास की वेगही गेला आणि बारही खाली आला. म्हणजे प्रत्येक उडीला तुला ठरवायला लागतं की आता किती हाव धरायची, आणि हे ठरवायला मिळतो अर्धा सेकंद, म्हणून डोकं कुठे भरकटतच नाही. ग्राफिक्स जुने झाले तरी हा व्यवहार जुना होत नाही.

आता याच्या मागची गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा लांबवतो. पहिला एसएसएक्स २००० साली आला, प्लेस्टेशन २ अमेरिकेत विकायला आला तेव्हा त्याच्यासोबतच, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजे ईए या गेम कंपनीच्या 'ईए कॅनडा' स्टुडिओने बनवलेला, ईएच्या 'ईए स्पोर्ट्स बिग' या नव्या लेबलखाली. त्याचे निर्माते होते स्टीव्हन रेख्टशाफनर. या माणसाने त्याआधी, १९९१ साली, स्की फिल्म बनवणाऱ्या ग्रेग स्टंप यांच्यासोबत कॅनडातल्या ब्लॅककोम्ब डोंगरावर बोर्डरक्रॉस नावाची शर्यत जन्माला घातली होती, एका टीव्ही कार्यक्रमासाठी. वळणं आणि उड्या असलेला ट्रॅक, त्यावर बरेच जण एकदम सुटतात, धक्काबुक्की होते, जो पहिला खाली पोचला तो जिंकला. ही शर्यत पुढे इतकी वाढली की २००६ मध्ये तुरिनच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिला पदकं मिळायला लागली.

आणि त्याच पहिल्या ऑलिंपिकमध्ये काय झालं बघ. महिलांच्या फायनलमध्ये अमेरिकेची लिंडसे जेकोबेलिस बरीच पुढे होती, सोनं जवळजवळ हातात होतं, शेवट जवळ आला असताना तिने एका उडीवर उगाच बोर्ड हाताने पकडून जरा स्टाइल मारली, उतरताना पडली आणि स्वित्झर्लंडची तान्या फ्रीडन पुढे निघून गेली. लिंडसेला रौप्य. सोन्यासाठी तिला २०२२ च्या बीजिंगपर्यंत थांबावं लागलं, तिथे मात्र तिने ते घेतलंच, एक नाही दोन. म्हणजे खऱ्या बोर्डरक्रॉसमध्ये ट्रिक हा निव्वळ तोटा आहे, हवेत जेवढा वेळ राहाल तेवढा वेग जातो, म्हणून तिथले चांगले खेळाडू उडी दाबतात, जमिनीला चिकटून राहतात. ज्याने ही शर्यत काढली त्याच्याच टीमने गेममध्ये हा नियम बरोबर उलटा केला, की स्टाइल मारशील तरच जिंकशील. मला हा गेम डिझाइनमधला सगळ्यात हुशार निर्णयांपैकी एक वाटतो. अज्ञानातून झालेला नाही, खरं काय असतं ते पूर्ण माहीत असणाऱ्याने ठरवून केलाय.

ट्रिकी २००१ मध्ये आला आणि त्याने या व्यवहारावर आणखी एक मजला चढवला. बार पूर्ण भरला की उबर ट्रिक मारता येते, त्यात खेळाडू हवेत पायातून बोर्ड सोडवून काहीही करतो, आणि अशी प्रत्येक ट्रिक नीट उतरली की 'ट्रिकी' या शब्दाचं एकेक इंग्रजी अक्षर लागतं, सहाच्या सहा लागली की त्या रेससाठी बूस्ट संपतच नाही. तुम्ही दोघं भाऊ रात्री जागताय ते या सहाव्या अक्षरासाठी, बरोबर ना? टोकियो मेगाप्लेक्सच्या ट्रॅकवर ते सगळ्यात लवकर होतं असं माझं मत आहे, तो पूर्ण ट्रॅक एका इमारतीच्या आत आहे आणि त्यात जिथे बघशील तिथे उडी आहे. गॅरिबाल्डीपासून सुरुवात केली असशील तर घाई करू नकोस, तो ट्रॅक शिकवायला फार छान बनवलाय.

प्रश्न: दादा मी आठवीत आहे. काकांकडे एसएसएक्स ३ आहे. मी प्रत्येक मोठ्या उडीला पडतोच. काका म्हणतात सगळी बटणं एकदम दाबू नको पण मग ट्रिक कशी होणार? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: काका अगदी बरोबर सांगतायत, पण थोडं अर्धवट सांगतायत. बघ, उडीचे तीन भाग असतात आणि तिन्हीत बोटांचं काम वेगळं आहे.

पहिला भाग जमिनीवर. उडीचं बटण दाबून धरलंस की तुझा खेळाडू गुडघ्यात वाकतो, सोडलंस की उडतो. नागपंचमीच्या झोक्यावर उभं राहून झोका चढवतो तेव्हा आपण कधी वाकतो आणि कधी उठतो, तसंच आहे हे, ताकदीपेक्षा वेळ साधायची. उताराचं टोक यायच्या बरंच आधी दाबून ठेव आणि अगदी टोकावर सोड. बहुतेक नवीन मुलं टोक गेल्यावर सोडतात म्हणून उडी बुटकी होते, हवेत वेळ मिळत नाही, आणि मग गिरकी अर्धी असतानाच जमीन येते. तू पडतोस त्यातल्या बऱ्याच वेळा चूक हवेत नाही, आधीच झालेली असते. गिरकी कुठल्या बाजूला घ्यायची तेही वाकलेला असतानाच बाण दाबून ठरवायचं, मग सुटल्या सुटल्या गिरकी जोरात लागते.

दुसरा भाग हवेत. इथे वरची खांद्याची बटणं, म्हणजे एल आणि आर वाली, बोर्ड पकडायला. एक पकड, एवढंच आधी. दोन बटणं एकदम दाबून अवघड पकडी करता येतात पण त्या नंतर.

तिसरा भाग उतरणं, आणि हाच खरा. जमीन दिसायला लागली की सगळं सोड, अक्षरशः बोटं उचल. बोर्ड हातात धरलेला असताना जमिनीला लागलास तर पडणारच, त्याला इलाज नाही. सोडलंस की तुझा खेळाडू स्वतःच सरळ व्हायचा प्रयत्न करतो, त्याला तेवढा वेळ दे. मी तर म्हणेन आठवडाभर फक्त एक गिरकी, एक पकड आणि लवकर सोडणं एवढंच कर. पॉइंट कमी मिळतील, चालेल. पडायचं थांबलं की मग एकेक वाढव.

आणि उगाच रेसच खेळत बसू नकोस, त्या गेममध्ये नुसतं मोकळं फिरता येतं, तिथे एकाच उडीवर परत परत सराव कर.

प्रश्न: मुलगा दहा वर्षांचा आहे, हे गेम खेळून आता खरं स्नोबोर्डिंग करायचं म्हणतोय. जानेवारीत आम्ही गुलमर्गला चाललोय. गेममुळे त्याला काही येत असेल का? आणि या गेम्समध्ये मारामारी वगैरे असते का? (एक आई, पुणे)

उत्तर: मारामारी म्हणाल तर रेसमध्ये शेजारच्याला ढकलता येतं, तेवढंच. रक्त नाही, हत्यारं नाहीत. दहा वर्षांच्या मुलाने खेळायला मला यात काही वावगं वाटत नाही.

खरं स्नोबोर्डिंग मात्र गेमने येत नाही, हे त्याला जायच्या आधीच प्रेमाने सांगा, नाहीतर तिथे पहिल्या तासात फार हिरमोड होईल. गेममध्ये तोल सांभाळायचं काम गेमच करतो, मुलाच्या वाट्याला फक्त गिरक्या येतात. बर्फावर पहिला दिवस उभं राहणं, बोर्डच्या कडेवर घसरणं आणि थांबणं यातच जातो, आणि पडणं तर भरपूर. नवीन शिकणारे पडताना हात पुढे टेकतात म्हणून स्नोबोर्डिंगमध्ये मनगटाला दुखापत फार होते, त्यामुळे हेल्मेट तर हवंच, मनगटाचे गार्डही आठवणीने घ्या, शक्यतो इथूनच घेऊन जा.

गुलमर्गला खालच्या मैदानासारख्या सौम्य उतारांवर शिकवतात, तिथेच ठेवा. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था तिथे आहे, तिचे कोर्सही असतात, आधी चौकशी करा. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या बाजूला ३,९०० मीटरच्या वर जातो, मुलगा हट्ट करेल, कारण वरून दिसणारा डोंगर अगदी गेमसारखा दिसतो, पण तिथला उतार सपाट केलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोका असतो. बघायला जा, फोटो काढा, बोर्ड घेऊन नाही.

एक गोष्ट मात्र गेममधून खरोखर उपयोगी पडेल. डावा पाय पुढे की उजवा, हा प्रश्न इन्स्ट्रक्टर पहिल्यांदा विचारतो, डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. तुमच्या मुलाला हे शब्द पाठ असणार. घरी मोजे घालून गुळगुळीत फरशीवर घसरायला सांगा, जो पाय आपोआप पुढे जाईल तो त्याचा.

प्रश्न: मी साउंडचं काम करतो. एसएसएक्स ३ मध्ये मोठी उडी मारली की गाणं मधेच दबल्यासारखं होतं आणि उतरल्यावर परत फुटतं. हे मुद्दाम आहे की माझी केबल खराब? (ठाणे)

उत्तर: केबल ठीक आहे. मुद्दाम आहे आणि मला वाटतं या मालिकेने केलेली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. हवेत गेलात की गाण्याचा दणका काढून घेतात, वाऱ्याचा आवाज वर येतो, आणि बोर्ड बर्फाला टेकला की गाणं सगळ्या ताकदीनिशी परत. तुम्ही त्याच धंद्यातले आहात म्हणून तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण खेळणाऱ्याला यातून काय मिळतं तर उडीची उंची कानाला कळते. आकडा वाचायची गरजच नाही. आणि नीट उतरल्याचं बक्षीस पॉइंटच्या आधी गाणं देतं. पडलात तर मात्र ते परत येणं तितकं गोड लागत नाही, कारण तुम्ही तोवर बर्फात लोळत असता.

ट्रिकीमध्ये हेच काम एकाच गाण्याने केलं होतं, रन-डीएमसी या रॅप ग्रुपचं 'इट्स ट्रिकी', बार भरला की ते सुरू व्हायचं आणि मग आता काहीतरी मोठं करायलाच हवं असं वाटायचं. त्यात निवेदन करणारा आवाज बीटबॉक्सर, म्हणजे तोंडाने ताल वाजवणाऱ्या, राहझेलचा आहे. तिसऱ्या भागात डोंगराचा स्वतःचा रेडिओ आहे, डीजे ॲटोमिका तुमच्या रेसबद्दल, हवामानाबद्दल बोलत राहतो, त्यामुळे तो डोंगर रिकामा वाटतच नाही. हेडफोन लावून एकदा सगळ्यात वरच्या शिखरापासून अगदी तळापर्यंत न थांबता उतरून बघा, तिन्ही शिखरं एका सलग वाटेने जोडलेली आहेत, अर्धा तास जवळपास लागतो, आणि २००३ साली, तेव्हाच्या कन्सोलवर, मधे कुठे लोडिंगची पाटी न दाखवता त्यांनी हे जमवलं होतं.

प्रश्न: मी व्हॅंकुव्हरजवळ राहते, दर हिवाळ्यात व्हिसलरला बोर्डिंग करते. तुम्ही ज्यांचं कौतुक करताय ते गेम मला बघवत नाहीत. बर्फ तसा नसतो, उडी तशी नसते, माणूस तसा पडत नाही. खऱ्याशी इमान राखणारे गेम असताना या सर्कशीचं एवढं काय? (मूळची सांगलीची वाचक)

उत्तर: तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही ज्या गावाजवळ राहता तिथलेच हे गेम आहेत. ईए कॅनडाचा स्टुडिओ बर्नबीत, म्हणजे तुमच्या शेजारी. ट्रिकीतला गॅरिबाल्डी हा ट्रॅकसुद्धा ब्रिटिश कोलंबियातला दाखवलाय, आणि बोर्डरक्रॉस जिथे सुरू झालं तो ब्लॅककोम्ब तर व्हिसलरचाच जोडीदार डोंगर. त्यामुळे हे गेम करणाऱ्यांना बर्फ माहीत नव्हता असं म्हणता येत नाही. त्यांनी काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते निवडलं. थंडी टाकली, लिफ्टची रांग टाकली, पहिल्या दिवसाचं पडणं टाकलं. उताराची ओढ ठेवली, वळताना कडेने बर्फ कापला जातो तो आवाज ठेवला, आणि उडीच्या टोकावर पोटात जो गोळा येतो तो ठेवला. तुम्हाला हे तिन्ही डोंगरावर रोज मिळतं म्हणून गेममधलं खोटं तुम्हाला आधी दिसत असेल, ते मी समजू शकतो. पण सांगलीत बसलेल्या मुलाला त्या तीन गोष्टी दुसरीकडून कुठून मिळणार?

पण तुमचा मुद्दा मी सोडून देत नाही, कारण खऱ्याच्या जवळ जाणारे गेम मलाही आवडतात आणि त्यातला एक तर मी कुणाशीही भांडून वर ठेवेन. निन्टेन्डो ६४ वरचा '१०८० स्नोबोर्डिंग'. १९९८ च्या फेब्रुवारीत नागानोला स्नोबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी हा गेम जपानमध्ये आला. निर्माते शिगेरु मियामोतो, प्रोग्रामर जाइल्स गोडार्ड आणि कॉलिन रीड. यात वेग फुकट मिळत नाही, प्रत्येक उतरण सांभाळावी लागते, वाकडं उतरलात की मार लागल्याचा मीटर भरत जातो, आणि ताज्या बर्फाचा आवाज वेगळा, घट्ट झालेल्या बर्फाचा वेगळा. ज्या ट्रिकचं नाव गेमला दिलंय, तीन पूर्ण गिरक्या म्हणजे १०८० अंश, ती करायला बोटांना खरंच घाम फुटतो. तेव्हा ती स्वप्नातली वाटायची, आणि २०२२ च्या बीजिंगमध्ये जपानच्या आयुमु हिरानोने तीनदा आडवातिडवा उलटा होत चार गिरक्यांची ट्रिपल कॉर्क १४४० उतरवून हाफपाइपचं, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या खंदकातल्या स्पर्धेचं, सोनं घेतलं, तेव्हा खरे खेळाडू गेमच्या पुढे निघून गेले होते. गोडार्ड यांनी पुढे क्योटोत चुहाय लॅब्स नावाचा स्टुडिओ चालवला आणि २०२१ मध्ये 'कार्व्ह स्नोबोर्डिंग' केला, डोक्यावर व्हीआर चष्मा घालून खेळायचा. तुमच्याकडे तसा चष्मा असेल तर हा नक्की बघा.

बाकी तुमच्यासाठी: २००१ चा 'अँप्ड', पहिल्या एक्सबॉक्ससोबत आलेला, मोकळे उतार आणि कमी घाई. २०२२ चा 'श्रेडर्स', यात वळण आणि गिरकी दोन्ही बरीच खरी वाटतात. 'स्टीप' हा २०१६ चा, फ्रेंच आल्प्समधल्या आन्सीच्या युबिसॉफ्ट स्टुडिओने आपल्या घरामागचे डोंगर बनवलेत, त्यात नुसतं शिखरावर उभं राहून कुठून उतरायचं ते ठरवण्यात जे सुख आहे ते तुम्हाला लगेच ओळखीचं वाटेल. उड्यांच्या बाबतीत तो मला जरा कोरडा वाटतो, पण ते माझं.

प्रश्न: माझ्याकडे फक्त फोन आहे आणि गेमवर पैसे घालवायचे नाहीत. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: 'ऑल्टोज ॲडव्हेंचर'. २०१५ मध्ये आयफोनवर आला, २०१६ मध्ये अँड्रॉइडवर, तिथे जाहिराती बघून फुकट खेळता येतो. टोरंटोच्या स्नोमॅन या छोट्या स्टुडिओने केलाय. एका बोटाचा गेम आहे, दाबलं की उडी, दाबून धरलं की मागे कोलांटी. पळून गेलेले लामा गोळा करायचे आणि मागे लागलेल्या गावच्या म्हाताऱ्यांपासून सुटायचं. दिसायला शांत आहे पण आत तोच व्यवहार आहे जो वर नाशिकच्या मित्राला सांगितला, कोलांटी नीट उतरली की वेग मिळतो, एकापाठोपाठ जोडत गेलात की गळ्यातला स्कार्फ लांब होत जातो, आणि वेग असेल तरच म्हाताऱ्यांच्या हातून सुटता येतं. दमलात की झेन मोड लावा, त्यात ना पॉइंट ना हार. मला रात्री झोपायच्या आधी याच्याइतकं चांगलं काही सापडलेलं नाही.

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी, सोलापूरला एकत्र खेळायला एक स्नोबोर्डिंग गेम हवाय. भांडण झालं तरी चालेल. (सोलापूर)

उत्तर: ट्रिकी किंवा एसएसएक्स ३, दोन रिमोट, टीव्हीचे दोन भाग करून. एकीला रेस आवडत असेल आणि दुसरीला ट्रिक, तरी जमतं, कारण ट्रिकवालीलाच बूस्ट मिळणार. निन्टेन्डो ६४ असेल तर १९९७ चा 'स्नोबोर्ड किड्स', चौघांपर्यंत खेळता येतं, त्यात एकमेकींवर वस्तू फेकता येतात, भांडणाची पूर्ण सोय आहे. २०१२ चा एसएसएक्स मात्र तुमच्यासाठी नाही, त्यात एका टीव्हीवर दोघांनी खेळायची सोयच ठेवली नाही.

प्रश्न: एवढे चांगले होते तर बंद का पडले? आणि तो २०१२ चा, ज्यात हिमालय होता, तो एवढा वाईट होता का? (तीन-चार वाचक, ठाणे, नागपूर, बेळगाव)

उत्तर: वाईट अजिबात नव्हता, मी त्याच्या बाजूने आहे, पण त्याने एक जुनी गोष्ट सोडली ती मला आजही खटकते.

आधी पार्श्वभूमी. १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर 'कूल बोर्डर्स' आला, त्याच वर्षी नामकोने 'अल्पाइन सर्फर' हे मशीन काढलं ज्याच्यावर खरोखर बोर्डवर उभं राहून खेळायचं, मग नागानो, मग एसएसएक्स, आणि सात-आठ वर्षं या गेम्सची नुसती रांग लागली होती. स्नोबोर्डिंग तेव्हा नवं होतं, कपडे, गाणी, केस, सगळ्यावर त्याची छाप होती, गेम कंपन्यांना ते हवंच होतं. एसएसएक्स ऑन टूर २००५ मध्ये आला, एसएसएक्स ब्लर २००७ मध्ये निन्टेन्डोच्या वी कन्सोलवर, आणि २००८ मध्ये ईएने ते 'बिग' लेबलच संपवलं. याचं एकच कारण नाही. फॅशन ओसरली हे आहे, आणि मोठे गेम बनवायचा खर्च इतका वाढला की मधल्या आकाराच्या गेमला जागाच उरली नाही, हेही आहे. माझ्या मते दुसरं कारण जास्त खरं.

२०१२ चा एसएसएक्स प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला. नासाच्या उपग्रहांनी टिपलेली डोंगरांची माहिती घेऊन खऱ्या पर्वतरांगा बनवल्या होत्या, आल्प्स, अलास्का, अंटार्क्टिका आणि आपला हिमालय. कल्पना भन्नाट होती. हिमालयात हवा विरळ म्हणून ऑक्सिजनची टाकी पाठीला, मधेमधे श्वास घ्यायला बटण दाबायचं, नाहीतर डोळ्यासमोर अंधारी येते. अंटार्क्टिकात सावलीत थांबलात तर थंडीने मरायचं म्हणून ऊन शोधत उतरायचं. विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये पंखांसारखं कापड असलेला सूट, घालून दरीवरून तरंगायचं. यातलं बरंच मला मनापासून आवडलं. पण 'मरायचं नाही' हा भाग जिथे आला तिथे 'अजून एक गिरकी मारू का' हा भाग मागे पडला, आणि एसएसएक्सचा जीव तर त्या दुसऱ्या प्रश्नात होता. जो खेळाडू ऑक्सिजन मोजतोय तो हाव कशी धरणार? म्हणून हिमालयाचा जो टप्पा सगळ्यात भारी वाटायला हवा होता तोच मला सगळ्यात आवळलेला वाटला. बाकीच्या रांगांमध्ये जिथे नुसती रेस किंवा ट्रिक आहे तिथे तो जुन्या भागांच्या तोडीस तोड आहे, हात तर कधीकधी जास्तच मोकळा चालतो. पुढचा भाग आलाच नाही, त्याची खंत आहे.

आता कुठे मिळेल हे बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून इथेच सांगतो. एसएसएक्स ३ आणि २०१२ चा, दोन्ही नव्या एक्सबॉक्सवर चालतात, एसएसएक्स ३ तर ४के टीव्हीवरही आश्चर्य वाटावं इतका स्वच्छ दिसतो. ट्रिकीसाठी मात्र जुना कन्सोल आणि जुनी सीडीच लागते. सेकंडहँड घेताना सीडीच्या कव्हरवर पाल की एनटीएससी (वेगवेगळ्या देशांतल्या टीव्हीच्या या दोन पद्धती) ते बघा आणि तुमच्या कन्सोलशी जुळतंय ना ते तपासा, नाहीतर पैसे जातील आणि पडद्यावर नुसती चूक दिसेल. सीडीची खालची बाजू उजेडात तिरकी धरून बघा, गोलाकार ओरखडे असतील तर घेऊ नका, आतून बाहेर गेलेले बारीक सरळ ओरखडे बहुतेक वेळा चालून जातात. विकणाऱ्याला एक रेस पूर्ण खेळून दाखवायला सांगा, मेन्यू दिसला म्हणजे गेम चालतो असं नाही, आणि मेमरी कार्डही त्याच्याकडूनच मागून घ्या, ते नसेल तर उघडलेले ट्रॅक आणि खेळाडू कन्सोल बंद केल्यावर पुन्हा पहिल्यापासून उघडत बसावे लागतील.